वेबवरच्या रेझ्युमे ॲपसाठी स्वतःची प्लगइन्स: रचना, सुरक्षितता आणि देवनागरी

मुठाकाठ

नमस्कार मंडळी,

आम्ही काही मित्र मिळून एक मुक्तस्रोत रेझ्युमे ॲप लिहितो आहोत. सगळे ब्राउझरमध्येच चालते: माहिती भरा, थीम निवडा, पीडीएफ उतरवून घ्या. लोक वापरू लागले तशा मागण्या सुरू झाल्या. एका प्राध्यापक बाईंना ऑर्किड आयडीवरून (संशोधकाचा ओळख क्रमांक) शोधनिबंधांची यादी आपोआप यायला हवी आहे. एका परिचारिकेला महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदणीचा क्रमांक आणि तिची मुदत दाखवायची आहे. फर्निचरची कामे घेणाऱ्या एका सुताराला केलेल्या कामांचे फोटो लावायचे आहेत. प्रत्येक मागणी रास्त आहे. पण सगळ्या मूळ कोडात घातल्या तर थोड्याच दिवसांत तो कोड कुणाला हात लावण्याजोगा राहणार नाही. म्हणून प्लगइनचा, म्हणजे मूळ कोडाला हात न लावता बाहेरून जोडायच्या छोट्या प्रोग्रामचा, मार्ग धरला. या कामात जे पक्के कळले आहे ते इथे लिहितो, तुम्हीही भर घाला.

पहिली गोष्ट माहितीच्या साच्याची. स्वतःचा साचा शोधून काढायच्या मोहात पडू नका. जेसॉन रेझ्युमे हा खुला साचा २०१४ पासून आहे. बेसिक्स, वर्क, एज्युकेशन, स्किल्स, लँग्वेजेस, प्रोजेक्ट्स, पब्लिकेशन्स, सर्टिफिकेट्स असे त्याचे विभाग आहेत. परिचारिकेचे उदाहरण घ्या. सर्टिफिकेट्समध्ये नाव, तारीख, दुवा आणि देणारी संस्था एवढ्याच जागा आहेत, मुदत संपण्याची तारीख नाही. मात्र विभागातल्या नोंदीत जास्तीच्या की (माहितीच्या जागांची नावे) ठेवायला साचा हरकत घेत नाही, त्यामुळे मुदतीची तारीख आमचे प्लगइन तिथेच ठेवते. प्लगइनच्या सेटिंग्जसाठी मेटा हा विभाग आहे, तो साधनांच्या अशा नोंदींसाठीच ठेवलेला आहे. उद्या त्या ताई आमचे ॲप सोडून दुसरीकडे गेल्या तरी त्यांची फाइल त्यांच्याबरोबर जाते. रिॲक्टिव्ह रेझ्युमेसारखे ॲप ही फाइल आयात करून घेते. लोकांची माहिती आपल्याकडे अडकून पडू नये, याला मी फार महत्त्व देतो.

दुसरी गोष्ट प्लगइन आणि ॲप यांच्यातल्या कराराची. काही प्लगइन्स माहिती आणतात, काही आहे ती माहिती बदलून देतात (तारखांचे स्वरूप, क्रम, गाळणी), आणि काही ती मांडतात, म्हणजे थीम. जेसॉन रेझ्युमेच्या थीमचा करार मला आदर्श वाटतो: रेंडर नावाचे एक फंक्शन, त्याला रेझ्युमे द्यायचा, त्याने एचटीएमएलची स्ट्रिंग परत करायची. बस्स. थीमने ॲपचे बटण हलवायचे नाही, कुठे काही साठवायचे नाही, नेटवर जायचे नाही. बाकीच्या दोन प्रकारांनाही आम्ही हाच नियम लावला. माहिती आत जाते, माहिती बाहेर येते, आणि आलेली माहिती स्वीकारायची की नाही हे वापरणारा माणूस फरक बघून ठरवतो.

बरेच जण प्लगइन म्हटले की वर्डप्रेस डोळ्यांपुढे आणतात. तिथली ॲक्शन आणि फिल्टरची पद्धत २००४ च्या १.२ आवृत्तीपासून चालत आली आहे, आणि शिकण्यासारखी आहे. पण वर्डप्रेसचे प्लगइन साइटच्याच पीएचपीत चालते, त्याला पूर्ण डेटाबेस मोकळा असतो. साइटचा मालक विचार करून ते बसवतो, म्हणून तिथे ते चालून जाते. रेझ्युमेत फोन नंबर, पत्ता, आधीच्या नोकऱ्या, कधी जन्मतारीख असते. फर्निचरचे फोटो मांडणाऱ्या प्लगइनला त्या माणसाचा फोन नंबर कशाला दिसावा? आमच्याकडे प्रत्येक प्लगइनच्या मॅनिफेस्टमध्ये (सोबतच्या माहितीपत्रकात) ते कोणते विभाग वाचणार आणि कोणत्या विभागात लिहिणार हे जाहीर करावे लागते. ॲप तेवढेच तुकडे कापून त्याच्या हातात देते. शोधनिबंधांच्या प्लगइनला पब्लिकेशन्स विभाग आणि ऑर्किड आयडी मिळतो, नावसुद्धा मिळत नाही.

सँडबॉक्स (परका कोड कुंपणात चालवणे) आणि देवनागरी पीडीएफ या दोन विषयांवर जाणकारांनी लिहावे अशी विनंती.

पंचगंगा

छान धागा, वाचनखूण साठवली. मी कोल्हापूरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या वर्गात सगळे त्याच दोन-तीन फुकट टेम्प्लेट्समध्ये रेझ्युमे करतात. मला थीम लिहून बघायची आहे. रिॲक्ट (ती जावास्क्रिप्ट लायब्ररी) येणे गरजेचे आहे का? आणि सुरुवात कुठून करू?

मुठाकाठ

@पंचगंगा, रिॲक्ट अजिबात गरजेचे नाही. साधे जावास्क्रिप्ट, एचटीएमएल आणि सीएसएस पुरते. आधी स्वतःचा रेझ्युमे जेसॉन फाइलमध्ये लिहून काढा. मग रेंडर फंक्शनमध्ये फक्त नाव आणि कामाचा अनुभव छापा, ब्राउझरमध्ये उघडा, मग एकेक विभाग वाढवत जा. एनपीएमवर (जावास्क्रिप्ट पॅकेजेसचे भांडार) जेसॉनरेझ्युमे-थीम अशी सुरुवात असलेली कितीतरी पॅकेजेस आहेत. त्यातले एखादे छोटे पूर्ण वाचा, पाठ होईल इतके.

दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून पाळा. एक, कुठलाही विभाग रिकामा असू शकतो हे धरूनच लिहा. फ्रेशरकडे वर्क विभाग नसतो, आणि नसलेल्या विभागाचे मोकळे शीर्षक छापले गेले तर त्या मुलाला विनाकारण कमीपणा येतो. दोन, मजकूर एचटीएमएलमध्ये घालताना प्रत्येक वेळी एस्केप करा, म्हणजे त्यातल्या खुणा कोड न ठरता मजकूरच राहतील असे करा. कौशल्यात कुणी कोनाच्या खुणा असलेला कोड लिहील. एस्केप केले नाही तर मांडणी मोडते, आणि मुद्दाम खोडसाळ मजकूर आला तर पानात परकी स्क्रिप्ट चालते. वर ॲपनेही थीमकडून आलेली स्ट्रिंग डॉमप्युरिफायसारख्या लायब्ररीतून गाळून घ्यावी, आम्ही घेतो.

गुणांसाठी स्कोअर ही की आहे आणि ती स्ट्रिंग आहे. त्यामुळे ‘८.२/१० सीजीपीए’ जसेच्या तसे ठेवता येते. सीजीपीएचे टक्के करणारे प्लगइन लिहायचा विचार असेल तर जपून. विद्यापीठागणिक सूत्र वेगळे असते. सूत्र विद्यार्थ्याला निवडू द्या आणि रूपांतर केलेला आकडा मूळ आकड्याच्या शेजारी दाखवा.

अक्षरवेडा

देवनागरीबद्दल लिहितो, हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे.

मराठीत रेझ्युमे कोण करतो, असे विचारले जाते. शिक्षक, पत्रकार, अनुवादक, ग्रंथपाल, सामाजिक संस्थांतले कार्यकर्ते, नाट्यक्षेत्रातली मंडळी असे अनेक जण करतात. आणि इंग्रजी रेझ्युमेतही प्रकाशित लेखाचे किंवा नाटकाचे नाव देवनागरीत येतेच. त्यांच्या नावाची मोडतोड झालेला कागद त्यांनी पुढे करावा हे मला सहन होत नाही.

पीडीएफ कशाने करता यावर सगळे अवलंबून आहे. जेएसपीडीएफ ही लायब्ररी ब्राउझरमध्ये लोकप्रिय आहे, पण ती देवनागरीचे आकार जुळवत नाही. फॉन्ट बसवला तरी ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या मागे जाऊन बसतो, जोडाक्षरे हलन्त दाखवून सुटी पडतात. त्यावर उपाय म्हणून लोक एचटीएमएलटूकॅनव्हासने पानाचे चित्र काढतात आणि ते चित्र पीडीएफमध्ये चिकटवतात. दिसायला ठीक, पण त्यात मजकूरच उरत नाही. शोधता येत नाही, कॉपी होत नाही, अंध व्यक्तीच्या स्क्रीन रीडरला वाचता येत नाही, आणि अर्ज छाननी करणारे सॉफ्टवेअर ते कोरे पान समजते. खरा रस्ता क्रोमच्या छपाईचा. क्रोममध्ये हार्फबझ हे आकार जुळवणारे इंजिन आहे. वापरणाऱ्याने ब्राउझरची प्रिंट आज्ञा दिली किंवा तुम्ही सर्व्हरवर पपेटिअरने क्रोम चालवून पीडीएफ काढली, तरी ‘विद्यार्थिनी’ आणि ‘राष्ट्रीय’ नीट उमटतात.

पीडीएफ डोळ्यांना बरोबर दिसली म्हणून काम झाले असे धरू नका. तिच्यातून मजकूर परत काढून बघा. पॉपलर संचातले पीडीएफटूटेक्स्ट चालवा आणि मूळ जेसॉनमधल्या मजकुराशी ताडून पहा. पीडीएफ ग्लिफ (अक्षरांचे आकार) दिसतात त्या क्रमाने ठेवते, म्हणून ‘कि’ बाहेर पडताना उलटा येऊ शकतो. ॲक्च्युअलटेक्स्ट नावाची सोय असेल तर मूळ अक्षरक्रम पीडीएफमध्ये राहतो, पण तो समोरच्या सॉफ्टवेअरने वाचला तर. प्रत्येक थीमसाठी ही चाचणी आपोआप चालवावी असे मी सुचवेन.

मग लँगचा गुणधर्म. एचटीएमएलमध्ये भाषा मराठी म्हणून एमआर लिहा. अनेक देवनागरी फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतात आणि ओपनटाइपच्या लोकल नावाच्या सुविधेतून ते भाषेनुसार निवडले जातात. भाषा सांगितली नाही तर हिंदी वळण येते. एका ओळीच्या कामात मराठी माणसाला आपले अक्षर मिळते.

आता ऱ्या-ऱ्ह. हा र दोन प्रकारे टंकला जातो: एक, ऱ हे वेगळे अक्षर आणि हलन्त, दोन, साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा शून्यरुंदीचा जोडक. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. ‘मजकूर स्वच्छ करणारी’ प्लगइन्स न दिसणारी अक्षरे सरसकट काढून टाकतात, आणि मग दुसऱ्या प्रकारे टंकलेला ‘दर्‍या’ ‘दर्या’ होतो. डोंगरातल्या दरीचा समुद्र झाला. कऱ्हाडे आडनावाच्या माणसाचे आडनावच बदलते. तेव्हा जोडक कधीही काढू नका. शिवाय युनिकोडचे एनएफसी सामान्यीकरण (सारखी अक्षरे एकाच रूपात आणणे) केले तरी हे दोन प्रकार एक होत नाहीत, म्हणून शोधासाठी दोन्हींची वेगळी जुळणी ठेवावी लागते. ती शोधाच्या प्रतीत ठेवा, मूळ मजकुराला हात नको.

आणि नावाची आद्याक्षरे गोलात दाखवणारे प्लगइन बहुतेक थीममध्ये असते. जावास्क्रिप्टने पहिले कॅरेक्टर काढले तर ‘प्रिया’चा ‘प’ आणि ‘श्रीकांत’चा ‘श’ हाती येतो. जावास्क्रिप्टमधलीच इंटल सेगमेंटर ही सोय वापरा. जोडाक्षर एकत्र धरण्याचा नियम युनिकोडमध्ये १५.१ आवृत्तीत, २०२३ साली आला, त्यामुळे जुन्या ब्राउझरवर तपासून घ्या.

मांडवी

+१. अक्षरवेडा यांच्या प्रतिसादाला जोडून: आकड्यांचेही बघा. इंटल डेटटाइमफॉरमॅटला एमआर-आयएन दिले की आकडे आपोआप देवनागरी येतात. मराठी रेझ्युमेत ते हवेच. पण काही जण मराठी मजकुरातही फोन नंबर आणि साल इंग्रजी आकड्यांत ठेवू इच्छितात. लोकेलला एनयू-लॅटन अशी जोड दिली की तसे मिळते. ही निवड थीम लिहिणाऱ्याने लादू नये.

मी पणजीला असते. आमच्याकडे एकाच माणसाचे नाव मराठी, कोंकणी आणि रोमी अशा तीन तऱ्हांनी लिहिलेले सापडते. जेसॉन रेझ्युमेत नाव ही एकच की आहे, पहिले-मधले-आडनाव असे तुकडे नाहीत, हे मला फार सोयीचे वाटले. महाराष्ट्रातही दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. आईचे नाव सरकारी कागदांत लावण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. अशा नावांचे तुकडे करणारे प्लगइन कुणी लिहू नये.

कोरीपाटी

सँडबॉक्सबद्दल. वेब सुरक्षेत काम करतो, म्हणून थोडे बारकाईने लिहितो.

परक्याने लिहिलेले प्लगइन तुमच्या पानातच चालवू नका. फक्त ‘आम्ही ग्लोबल व्हेरिएबल्स लपवली’ एवढ्यावर विसंबणे धोक्याचे. फिग्माने २०१९ मध्ये प्लगइन्स आणली तेव्हा आधी रिअल्म्स नावाच्या तंत्रावर कुंपण घातले होते. त्यात त्रुटी सापडल्यावर त्यांनी वेबअसेंब्लीत संकलित केलेले स्वतंत्र जावास्क्रिप्ट इंजिन वापरायला घेतले. एवढ्या कसलेल्या टीमला जे अवघड गेले ते आपण दोन ओळींत साधू असे मानू नये.

साध्या ॲपला दोन साधने पुरतात. माहिती आणणाऱ्या किंवा बदलणाऱ्या प्लगइनला वेब वर्कर (पानापासून वेगळी चालणारी स्क्रिप्ट) द्या. त्याला पानाचा डॉम, म्हणजे पानातले घटक, दिसत नाही, आणि प्लगइन अनंत लूपमध्ये अडकले तर टर्मिनेट करून टाकता येते. काही दिसायला हवे असेल तर आयफ्रेम (पानात बसवलेले दुसरे पान), तिच्यावर सँडबॉक्स गुणधर्म आणि त्यात फक्त अलाऊ-स्क्रिप्ट्स. अलाऊ-सेम-ओरिजिन सोबत देऊ नका. आयफ्रेमचा मजकूर तुमच्याच डोमेनवरून येत असेल आणि दोन्ही परवानग्या असतील तर आतली स्क्रिप्ट स्वतःचा सँडबॉक्सच काढून टाकू शकते.

अशा आयफ्रेमशी बोलणे पोस्टमेसेजने. तिचा ओरिजिन (ती कोणत्या साइटची ते) ‘नल’ अशी स्ट्रिंग म्हणून येतो, त्यामुळे ओरिजिन तपासून उपयोग नाही, निरोप कोणत्या खिडकीतून आला तो सोर्स तपासा. त्याहून चांगले म्हणजे सुरुवातीलाच मेसेजचॅनेलचे एक टोक प्लगइनला देऊन टाका. पोस्टमेसेजने माहितीची प्रत जाते, म्हणून प्लगइनने आपल्याकडच्या प्रतीत काहीही केले तरी मूळ रेझ्युमे शाबूत.

पण सँडबॉक्समधली स्क्रिप्टही नेटवर जाऊ शकते! हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. आयफ्रेमला कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी (पानाने कुठून काय घ्यायचे याचे नियम) लावा: कनेक्ट बंद, चित्रे फक्त डेटा यूआरएलची, बाकी सगळे बंद. चित्रांचे एवढ्यासाठी की चित्राच्या पत्त्यात फोन नंबर चिकटवून तो बाहेर पाठवता येतो. आणखी एक फट म्हणजे आयफ्रेम स्वतःच दुसऱ्या पत्त्यावर निघून जाऊ शकते, पत्त्यात माहिती घेऊन. तिला अडवायला मूळ पानाच्या पॉलिसीत फ्रेम-सोर्स आखून द्यावा लागतो.

ज्या प्लगइनला नेट लागतेच, जसे ऑर्किडवाले, त्याच्यासाठी ॲपने स्वतः विनंती करावी आणि उत्तर प्लगइनला द्यावे. कोणत्या पत्त्यांवर जाणार ते मॅनिफेस्टमध्ये लिहिलेले असावे.

गोदातीर

सगळे पटले, पण एक शंका. इतका पसारा खरोखर हवा का? नव्वद टक्के लोकांना रंग, फॉन्ट आणि समास बदलायचे असतात. त्यांना कस्टम सीएसएसचा एक रकाना द्या, काम झाले. प्लगइन म्हटले की आवृत्त्या आल्या, परवानग्या आल्या, लोकांच्या तक्रारी आल्या. छोट्या टीमने हे ओझे का घ्यावे?

मुठाकाठ

@गोदातीर, रंग-समासापुरते तुमचे म्हणणे मान्य, आणि तो रकाना आम्ही दिलाच आहे. पण सीएसएसने परिचारिकेच्या नोंदणीची मुदत साठवता येत नाही, शोधनिबंध आणता येत नाहीत. ही माणसे दहा टक्के असतील, तरी ज्यांना तयार साच्यात जागाच नाही अशी तीच आहेत. संगणक अभियंत्यासाठी जगातले प्रत्येक रेझ्युमे ॲप बनलेले आहे. सुतारासाठी कुणी बनवले? प्लगइनचा खटाटोप त्याच्यासाठी आहे.

कोरीपाटी

@गोदातीर, आणि सीएसएस निरुपद्रवी असते असेही नाही. दुसऱ्याने दिलेल्या सीएसएसमध्ये इम्पोर्ट असू शकतो, पार्श्वचित्राचा बाहेरचा पत्ता असू शकतो. गुणधर्म-सिलेक्टर वापरून इनपुटच्या व्हॅल्यू गुणधर्मातला मजकूर अक्षर-अक्षर करून बाहेर पाठवण्याचे तंत्र जुने आणि माहितीतले आहे. म्हणून तो रकाना पूर्वदृश्याच्या आयफ्रेममध्येच लागू करा, माहिती भरण्याच्या फॉर्मवर कधीच नको.

गोदातीर

हे माहीत नव्हते, धन्यवाद. सुताराचा मुद्दाही पटला. मग ओझे कमी कसे ठेवता येईल ते बोलू. माझा सल्ला: प्लगइन्सना बाहेरच्या लायब्ररी ओढायला बंदी करा, निदान सुरुवातीला. २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड हे अकरा ओळींचे पॅकेज एनपीएमवरून काढले गेले आणि कितीतरी प्रकल्पांचे बिल्ड बंद पडले. २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम या लोकप्रिय पॅकेजची जबाबदारी एका अनोळखी माणसाकडे गेली आणि त्याच्या एका अवलंबित पॅकेजातून बिटकॉइन वॉलेटच्या किल्ल्या चोरणारा कोड आत शिरला. रेझ्युमेचे प्लगइन दोनशे-तीनशे ओळींत होते. एकच फाइल, तिचा हॅश (मजकुरावरून निघणारी, बदल पकडणारी खूण) नोंदवलेला, आणि नव्या आवृत्तीत परवानगी वाढली असेल तर वापरणाऱ्याला पुन्हा विचारायचे. एवढे नियम छोट्या टीमला झेपतील.

राईनकाठची

जर्मनीतून लिहिते आहे. इथल्या रेझ्युमेचे प्लगइन करणाऱ्यांसाठी थोडी माहिती. इथे २००६ च्या समान वागणूक कायद्यानंतर फोटो मागणे कंपन्या टाळतात, तरी लावणारे बरेच आहेत. अमेरिका-ब्रिटनमध्ये फोटो न लावण्याची रीत आहे. म्हणजे फोटो दाखवायचा की नाही हा प्रश्न थीमचा नाही, अर्ज कुठे जातो त्याचा आहे. एकच रेझ्युमे आणि देशागणिक गाळणी करणारे बदल-प्लगइन इथे शोभून दिसेल: फोटो, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती या तीन गोष्टी ते झाकते किंवा दाखवते.

युरोपास ही युरोपीय संघाची सोय २००५ पासून आहे. तिथल्या पीडीएफच्या पोटात एक्सएमएल माहिती जोडून देण्याची पद्धत मला फार आवडली: माणसासाठी पान, यंत्रासाठी माहिती, एकाच फाइलमध्ये. पीडीएफ-लिब या लायब्ररीने जेसॉन फाइल अशी पीडीएफला जोडता येते. मुठाकाठ, हे तुमच्याकडे निर्यात-प्लगइन म्हणून करता येईल का? एकच काळजी घ्या, गाळणी केल्यानंतरचीच माहिती जोडा. पानावरून झाकलेली जन्मतारीख पोटातल्या फाइलमध्ये राहिली तर झाकून काय उपयोग?

तारखांबद्दलही. साचा साल, साल-महिना आणि पूर्ण तारीख हे तिन्ही स्वीकारतो. जावास्क्रिप्टच्या डेटला ‘२०१९-०६’ दिले की ते यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) मध्यरात्र धरते. भारतात आणि इथे जून दिसतो, पण माझी बहीण कॅलिफोर्नियात आहे, तिच्या पडद्यावर तोच जून मे होतो. नोकरीच्या तारखा पार्श्वभूमी तपासणीत ताडल्या जातात, तिथे महिन्याचा फरक त्रासदायक ठरतो. तारीख डेटमध्ये घालूच नका, स्ट्रिंगचे तुकडे करून महिन्याचे नाव लावा. डेट वापरायचेच तर छापतानाही यूटीसी वेळक्षेत्र सांगा.

मुठाकाठ

@राईनकाठची, अप्रतिम सूचना. पीडीएफला जोडायची फाइल गाळणीनंतरच घ्यायची, हे तर मी करारातच लिहून टाकतो: निर्यात-प्लगइनला मूळ रेझ्युमे मिळणारच नाही, मांडणीला गेलेली प्रतच मिळेल. म्हणजे प्लगइन लिहिणाऱ्याने विसरायचा प्रश्नच येत नाही.

@गोदातीर, एक फाइल आणि हॅश हे दोन्ही घेतो.

मांडवी

लिंक्डइनवरून माहिती आणणारे प्लगइन कुणी केले आहे का? सगळे तेच मागतात.

कोरीपाटी

@मांडवी, प्रोफाइलचे पान खरवडून माहिती काढणे लिंक्डइनच्या अटींत बसत नाही, आणि त्यांची एपीआय पूर्ण प्रोफाइल सहजासहजी देत नाही. सरळ मार्ग आहे: सेटिंग्जमधून माणूस स्वतःच्या माहितीची झिप मागवू शकतो. तिच्यात नोकऱ्या, शिक्षण, कौशल्ये यांच्या वेगवेगळ्या सीएसव्ही फाइल्स असतात. प्लगइनने ती झिप ब्राउझरमध्येच उघडायची आणि साच्यात बसवायची. सर्व्हरवर काही जात नाही. त्या झिपमध्ये संपर्कांची यादीही असू शकते, म्हणून ॲपने लागणाऱ्या तीन-चार फाइल्स तेवढ्या काढून प्लगइनला द्याव्यात. इतरांचे ईमेल आपल्या हाती येऊच नयेत.

गिटहबवरून प्रकल्प आणायचे असतील तर टोकनशिवाय (ओळखीच्या किल्लीशिवाय) एका आयपीवरून (नेटवरचा पत्ता) तासाला ६० विनंत्यांची मर्यादा आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये सगळे एकाच आयपीमागे असतात, मर्यादा पटकन संपते. उत्तर काही वेळ साठवून ठेवा.

अक्षरवेडा

आयातीवरून आठवले. जुने मराठी रेझ्युमे श्रीलिपी किंवा तशाच युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतात. वर्डमधून कॉपी केले की रोमन अक्षरांचा गोंधळ बाहेर येतो. त्या त्या फॉन्टचा तक्ता वापरून युनिकोडमध्ये आणणारे आयात-प्लगइन झाले तर निवृत्तीला आलेल्या शिक्षकांचे वीस-वीस वर्षांचे कामाचे तपशील वाचतील. तक्ते बसवायला मी वेळ देईन.

मुठाकाठ

@अक्षरवेडा, नक्की करू. हे प्लगइन झाले तर आमच्या ॲपचा सगळ्यात मोठा उपयोग तोच ठरेल असे मला मनापासून वाटते. तक्ते वेगळ्या जेसॉन फाइल्समध्ये ठेवू, म्हणजे कोड न येणारी माणसेही चुका दुरुस्त करू शकतील.

कराराच्या आवृत्तीबद्दल राहून गेले होते. जेसॉन रेझ्युमेच्या साच्यात १.० आवृत्तीत वर्कमधली कंपनी ही की बदलून नेम झाली, वेबसाइटची यूआरएल झाली, पिक्चरची इमेज झाली. जुन्या की शोधणाऱ्या थीममध्ये कंपनीचे नाव गुपचूप गायब होते, आणि त्रुटीचा निरोपही येत नाही. म्हणून मॅनिफेस्टमध्ये प्लगइन कोणत्या आवृत्तीशी बोलते ते लिहायला लावतो, आणि जुन्या प्लगइनला जुन्या आकारात माहिती करून देणारा एक पातळ थर ॲपमध्ये ठेवतो. पाच वर्षांपूर्वीचे प्लगइन चालते ठेवणे ही ॲपची जबाबदारी मानली पाहिजे. लिहिणारा बिचारा दुसऱ्या नोकरीत गेलेला असतो.

पंचगंगा

थीम बरीच तयार झाली! नाव, शिक्षण, प्रकल्प सगळे येते, देवनागरीतही नीट दिसते. लँग एमआर केल्यावर ल बदललेला बघून फार छान वाटले. एकच अडचण: पीडीएफ काढली की दुसऱ्या प्रकल्पाचे शीर्षक पहिल्या पानाच्या तळाला राहते आणि मजकूर पुढच्या पानावर जातो. ब्रेक-इनसाइड अव्हॉइड लावले आहे, तरी होते. प्रकल्प विभाग दोन स्तंभांच्या ग्रिडमध्ये आहे.

गोदातीर

@पंचगंगा, ते अव्हॉइड पूर्ण विभागाला लावले आहे का? विभाग एका पानापेक्षा मोठा झाला की ब्राउझरला तो तोडावाच लागतो. प्रत्येक प्रकल्पाच्या नोंदीला वेगळे लावा, आणि शीर्षकाला ब्रेक-आफ्टर अव्हॉइड. क्रोमची आवृत्तीही बघा. छपाईत अव्हॉइडचा नीट आधार १०८ पासून, म्हणजे २०२२ च्या अखेरीपासून आहे. लॅबमधले क्रोम जुने असू शकते.

आणि दोन स्तंभ जमल्यास काढा. छाननी करणारी काही सॉफ्टवेअर्स दोन्ही स्तंभांच्या ओळी एकमेकांत मिसळून वाचतात. पीडीएफटूटेक्स्टने क्रम तपासा.

पंचगंगा

विभागालाच लावले होते. नोंदीला लावल्यावर शीर्षक मजकुराबरोबर पुढच्या पानावर गेले. एक स्तंभ करून पीडीएफटूटेक्स्ट चालवले, प्रकल्प क्रमाने येतात. पण ‘विश्लेषण’ हा शब्द बाहेर पडताना तुटतो, बाकी सगळे ठीक. अक्षरवेडा, फॉन्ट ‘मुक्त’ नावाचा आहे. बदलून बघू का?

अक्षरवेडा

@पंचगंगा, एकेक गोष्ट बदलून बघा. आधी फॉन्ट बदला: नोटो सान्स देवनागरी लावा, मग ‘मुक्त’, दोन्ही वजने (अक्षरांची जाडी) वेगवेगळी. शब्द कुठे तुटतो तेही बघा, वि आणि श्ले यांच्यामध्ये की श् आणि ले यांच्यामध्ये. मग तोच शब्द लेटर-स्पेसिंग शून्य ठेवून छापा. थीममध्ये शीर्षकांना अक्षरांतर वाढवलेले असेल तर देवनागरीसाठी ते काढूनच टाका, त्याने शिरोरेषाही तुटते. जमल्यास दोन्ही पीडीएफ आणि जेसॉनमधली ती एक ओळ इथे टाका, बाकी वैयक्तिक माहिती काढून. मी आज रात्री बघतो.